पायरीखालच्या माश्या

त्या जूनमध्ये आमच्या घरात तीन बायका होत्या आणि मागच्या दाराच्या पायरीखाली एक बीळ होतं. नवरा सकाळी साडेसातला शॅननच्या ऑफिसला निघायचा तो सहाला परत यायचा. मधला सगळा दिवस आम्हां तिघींचा. मी, आठ वर्षांची लेक आणि साताऱ्याकडच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. आयर्लंडमधल्या एनिस शहराच्या कडेला, एकसारख्या घरांच्या एका वसाहतीत, अगदी टोकाचं आमचं घर. मागे छोटंसं गार्डन, मग दगड रचून केलेला बांध आणि त्यापलीकडे गाईंचं कुरण. मी तेव्हा घरूनच डबे करायचे, हॉस्पिटलात काम करणाऱ्या आपल्याकडच्या नर्स मुलींसाठी.

सासूबाईंना ऊन पडलं की बाहेर बसायचं असायचं. इथलं ऊन तासाभराचं, तेही मध्येच ढग येऊन घेऊन जाणार. तेवढ्या वेळात त्या खुर्ची घेऊन पायरीशी बसायच्या आणि मेथीची जुडी निवडायच्या. एके दिवशी त्यांनी अशा आवाजात हाक मारली की मी गॅसवरची कढई तशीच टाकून धावले.

"आगं, हिकडं ये आधी. खाली बग. पोळं हाय पायरीखाली!"

सिमेंटच्या पायरीखाली दोन बोटं जातील एवढं भोक होतं. एक जाडजूड, तपकिरी, अंगभर लव असलेली माशी आली, जरा घुटमळली आणि आत शिरली. तिच्या मागच्या पायांना पिवळ्या परागांच्या गोळ्या चिकटल्या होत्या. लगेच दुसरी बाहेर पडली. मी म्हटलं, "आई, या बंबलबी आहेत. आपल्याकडच्या भुंग्यासारख्या. काही करत नाहीत." त्यांनी मेथी उचलली, खुर्ची तिथेच सोडली आणि आत जाऊन दाराला कडी घातली.

लेक शाळेतून आली तेव्हा मात्र तिला आकाश ठेंगणं झालं. त्याला कारण होतं. दोन आठवड्यांपूर्वी वर्गात मधमाश्यांवर धडा झाला होता आणि ती घरी एक चित्र घेऊन आली होती. सुपरमार्केटची फळी, आणि त्यावरच्या निम्म्या वस्तूंवर लाल फुल्या. वर्गातल्या कुणा मुलीने तिला सांगितलं होतं की माश्या संपल्या की चारेक वर्षांत माणसंही संपतात. तेव्हापासून प्रत्येक जेवणाला ती ताटाकडे बोट दाखवून विचारायची, "हे जाईल?" ती इंग्रजीतच बोलते, तेही इथल्या क्लेअर काउंटीच्या पक्क्या सुरात; मी इथे मराठीत लिहिते आहे. सफरचंद जाईल. बदाम जातील. भात राहील. फोडणीतली मोहरी, धणे, भोपळा यांचं मला माहीत नव्हतं. शोधलं, तर तेही त्याच यादीत निघाले. मी तिला खोटं सांगितलं की मोहरी राहील.

त्या दिवशी ती पायरीसमोर पोटावर झोपून म्हणाली, "आई, आपल्याकडे आहेत. म्हणजे आपण वाचलो!"

सासूबाई वरच्या खोलीच्या खिडकीतून ओरडत होत्या, पोरीला उचल म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाहेर येणं सोडलं. घराच्या सगळ्या खिडक्या बंद. जेवण निम्म्यावर आलं. लेक शाळेला निघाली की तिला पुढच्या दारानेच ने, असं मला चार वेळा बजावायच्या. नवरा म्हणाला, "तिला लहानपणी काहीतरी झालंय, मला नीट माहीत नाही. तू काहीतरी कर." हे म्हणून तो शॅननला गेला.

शेजारच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. पंचाहत्तरीच्या, निवृत्त नर्स, ताठ कण्याच्या. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच मला बॉयलर कसा लावायचा ते दाखवलं होतं. मी त्यांना विचारलं. त्या येऊन गुडघ्यावर बसल्या, भोकाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"ग्रँड," म्हणाल्या, म्हणजे इथल्या भाषेत काही काळजी नाही. "सप्टेंबरपर्यंत थांब. थंडी पडायला लागली की ही सगळी वसाहत आपोआप मरते. नव्या राण्या तेवढ्या बाहेर पडून मातीत झोपतात. पुढच्या वर्षी इथे कुणी नसेल."

अडचण एवढीच होती की सासूबाईंचा व्हिसा ऑगस्टअखेर संपत होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी चहा पिताना सासूबाईंनी मला ते लहानपणचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्या अकरा वर्षांच्या असताना गावातली माणसं डोंगरावरच्या देवीला गेली होती. कुणीतरी स्वयंपाकाला चूल पेटवली, धूर वरच्या कड्याला गेला आणि कड्याचं आग्या मोहोळ उठलं. त्यांच्या कडेवर तीन वर्षांचा भाऊ होता.

"माझ्या तोंडावर बसल्या, डोळ्यावर बसल्या," त्या म्हणाल्या. "मी त्याला खाली ठेवला आन् पळाले. झऱ्यात जाऊन बुडून बसले. कुणी मला काय बोललं न्हाई. आईबी न्हाई बोलली. पर मी खाली ठेवला हुता त्याला."

त्यांचा चहा तसाच राहिला. मग म्हणाल्या, "माझं तिकीट आलीकडं करून दे. मला परत धाड."

मी तिकीट अलीकडे केलं नाही. फोनवर शोधून कीटकनाशकवाल्या माणसाला बोलावलं. मंगळवारी सकाळी. लेक शाळेत होती आणि शेजारीणबाई बहिणीकडे किलकीला गेल्या होत्या. तो दिवस मी तेवढ्यासाठीच निवडला, हे आज मान्य करायला हवं.

माणूस पन्नाशीचा, शांत. भोकापाशी वाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बंबलबीच आहेत या. थंडीच्या आत आपोआप जातील. आम्हाला या मारायला आवडत नाही, खरं सांगतो. नक्की करायचं?"

मी हो म्हटलं.

"नक्की ना?" त्याने पुन्हा विचारलं.

पहिलं हो माझ्या तोंडून घाईत गेलं असेल. दुसरं मी विचार करून दिलं. वर खोलीत एक म्हातारी बाई खिडक्या लावून बसली होती आणि ती माझ्या घरची पाहुणी होती. मी हो म्हटलं. त्याने एका नळीने भोकात पांढरी पूड मारली, दोन-तीन तास इथे फिरकू नका म्हणाला, आणि गेला.

मला वाटलं होतं आतल्या मरतील आणि झालं. बाहेर गेलेल्या परत येतील हे डोक्यातच आलं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या काचेतून पाहत पोळ्या लाटत होते. त्या एकेक करून कुरणावरून येत होत्या, पायांना पिवळ्या गोळ्या घेऊन, आणि नेहमीसारख्या घुटमळून आत जात होत्या. थोड्या वेळाने पांढऱ्या होऊन बाहेर यायच्या, पायरीवर गोल गोल फिरायच्या आणि उलट्या पडायच्या. एक वाजता मी केरसुणीने त्या गोळा करून टाकल्या. दीड वाजता पुन्हा तेवढ्याच होत्या. लेकीला आणायला निघताना शेवटचा हात फिरवला. परत येईपर्यंत पायरीवर आणखी सात.

मी तिला पुढच्या दाराने आत घेतलं. "माश्यांनी घर बदललं," म्हटलं.

"सगळ्यांनी? एका दिवसात?"

"हो."

"कुठे गेल्या?"

मी कुरणाकडे हात केला. ती पुढच्या दारानेच बाहेर पडून, घराला वळसा घालून धावत बांधापाशी गेली आणि दगडांवर हनुवटी टेकवून उभी राहिली.

संध्याकाळी सासूबाई खाली आल्या. मी दार उघडून म्हटलं, "आई, आता बसा निवांत. त्रास संपला." त्यांनी पायरीवरची एक पांढरी माशी पाहिली. ती अजून एक पाय हलवत होती.

"मारल्यास?"

"तुम्ही घाबरला होतात ना."

"मी मारायला सांगितलं न्हवतं. मला परत धाड म्हटलं हुतं."

मला राग आला. मी काहीतरी बोलले, तुमच्यासाठीच केलं अशा अर्थाचं. त्या दारातच उभ्या राहिल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडं गेल्या साली सूर्यफुलावर माशी आली न्हाई. बाया हाताला फडकं गुंडाळून ह्या फुलावरनं त्या फुलावर हात फिरवत हुत्या. मीबी फिरवलाय. सकाळभर चौघीजणी, तवा कुटं एक वावर हुतं. दंड भरून येत्यात. आन् तरी निम्मी फुलं पोचट निगाली." त्यांनी आपला उजवा तळवा पाहिला. "मला भ्या वाटतं त्यांचं. पर न्हाई आल्या त्याचं भ्या निराळं हाय."

मी केरसुणी आणायला आत गेले.

चार दिवसांनी शेजारीणबाई किलकीहून परतल्या. शनिवार होता, लेक बांधाशी खेळत होती. त्या मला काही सांगायला मागच्या बाजूने आल्या आणि पायरीपाशी थांबल्या. भोकाभोवती अजून पांढरा थर होता. त्या खाली बसल्या, फटीतून काडीने दोन-तीन मेलेल्या माश्या ओढून काढल्या, खिशातलं छोटं भिंग काढून डोळ्याला लावलं.

"साधीच जात," त्या म्हणाल्या. "तपकिरी. सगळीकडे सापडते." थोडं थांबून, "अशा सगळीकडे सापडणाऱ्या आणखी दोन जाती होत्या. मी दर महिन्याला माश्या मोजते त्या रस्त्यावर त्या आता दिसत नाहीत."

लेक येऊन मागे उभी होती. "त्यांनी घर बदललं," ती म्हणाली. "आईने सांगितलं."

शेजारीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वॉर्डात नातेवाईकाने बोलायची वेळ आली की नर्स जशी थांबते, तशा त्या थांबल्या. माझ्यासाठी खोटं बोलणार नव्हत्या, आणि माझ्याऐवजी खरंही सांगणार नव्हत्या.

मी सांगितलं. मी माणूस बोलावला, मी दोनदा हो म्हटलं, आणि मग तुला खोटं सांगितलं.

लेक रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. तिने पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी व्यवहारी आवाजात विचारलं, "मग आता आपल्याला किती वर्षं उरली?"

त्यानंतर ताटातल्या वस्तूंबद्दल तिचे प्रश्न थांबले. मला वाटलं विसरली. मुलं विसरतात असं आपण समजतो, ते आपल्या सोयीसाठी.

ऑगस्टच्या शेवटी सासूबाईंच्या बॅगा भरताना मी लेकीच्या खोलीतला प्रेस उघडला. कपाटाला इथे प्रेसच म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. खालच्या खणात तिच्या जुन्या स्वेटरांच्या मागून आंबूस वास येत होता. स्वेटर काढले तर मागे सफरचंदं होती, दहा-बारा, काही पार काळी पडलेली. बदामाचं अर्धं पाकीट. बीन्सचे दोन डबे. मधाची बाटली, माझ्या फडताळातून गेलेली, जिच्यासाठी मी नवऱ्यावर आळ घेतला होता. आणि एका मोज्यात मोहरी, गाठ मारून. ती मोहरी हातात घेऊन मी तिच्या पलंगावर बसले. मोहरी राहील असं मी सांगितलं होतं, आणि तिने माझं खरं मानलं नव्हतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं आणि सडकी सफरचंदं एकेक करून पदरात घेतली. "तिला रागवू नको," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी त्या गेल्या. विमानतळावर त्यांनी नातीला इतका वेळ कुशीत धरून ठेवलं की शेवटी नवऱ्याला मध्ये पडावं लागलं.

मी शेजारीणबाईंकडे गेले. मोज्यातल्या मोहरीचं सांगितलं. त्या दिवसानंतर आमचं नीट बोलणं झालं नव्हतं. मीच टाळत होते. त्यांनी ऐकून घेतलं, किटली ठेवली आणि म्हणाल्या, "घाबरलेल्या पेशंटला समजावून काही होत नाही. त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. रविवारी पाऊस नसेल तर दोघी चला माझ्याबरोबर."

त्यांचा रस्ता म्हणजे शहराबाहेर, बरेन नावाच्या चुनखडीच्या माळाच्या बाजूला जाणारी अरुंद पायवाट. मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा, कोरड्या आणि बऱ्यापैकी उबदार दिवशी त्या तिथून सावकाश चालायच्या. दोन्ही बाजूंना हातभर-दोन हात अंतरात दिसलेली प्रत्येक बंबलबी वहीत नोंदवायच्या आणि शेवटी ते आकडे देशभरची मोजणी करणाऱ्या संस्थेकडे पाठवायच्या. बारा वर्षं. लेकीच्या हातात त्यांनी वही दिली. पहिल्या टप्प्यात काहीच दिसलं नाही तेव्हा लेक म्हणाली, "इथे रिकामं सोडू?"

"शून्य लिही. रिकामं म्हणजे आपण पाहिलंच नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हती."

अर्ध्या वाटेवर, जांभळ्या फुलांच्या एका पट्ट्याशी, त्या थांबल्या. तिथे त्यांनी आम्हाला का आणलं ते सांगितलं. एक माशी आहे, करड्या-पिवळ्या रंगाची, लहानशी. दिसायच्या आधी ऐकू येते. तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा चढा, बारीक असतो. आयर्लंडमध्ये आता थोड्याच ठिकाणी उरली आहे, त्यातलं हे एक. "दोन उन्हाळे झाले, मला ती ऐकू आली नाही," त्या म्हणाल्या. "पण मला दाराची बेलही ऐकू येत नाही हल्ली. तपासून घेतलं. वरचे सूर गेलेत कानातून. त्यामुळे माशी गेली की माझे कान गेले, मला कळत नाही. आणि मला अंदाजाने लिहायचं नाहीये."

मी उभी राहून ऐकलं. वारा होता, दूर कुठे ट्रॅक्टर होता. लेकीने डोळे मिटले होते. पाच मिनिटं झाली असतील. मग तिने हात वर केला.

"ही वेगळी आहे," ती म्हणाली. "ही पातळ आहे."

मलाही आला तो आवाज, डासापेक्षा जरासा जाड. शेजारीणबाईंना नाही. त्या लेकीच्या चेहऱ्याकडेच पाहत होत्या. लेकीने बोट दाखवलं तिकडे त्या वाकल्या, भिंग लावलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी डोळे पुसले, वयामुळे पाणी येतं म्हणाल्या. लेकीने वहीत एक लिहिला. घरी आल्यावर तिने स्वतःहून दोन वाट्या वरणभात खाल्ला.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी ती माशी सबंध उन्हाळ्यात एकदाच ऐकू आली. गेल्या वर्षी एकदाही नाही. आम्ही जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने त्या पट्ट्याशी उभ्या राहिलो. शेजारीणबाई तोवर नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, गेल्या होत्या, गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून. दर वेळी मी त्यांना जाऊन आकडे वाचून दाखवायचे. सप्टेंबरचा आकडा वाचताना मला फार मोह झाला. ऐंशीच्या जवळ आलेली बाई, पलंगावर पाय उंच ठेवून बसलेली, एकटी. एक म्हणून टाकला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

"नाही आली," मी म्हटलं.

"हवा कशी होती?"

"चांगली. ऊन होतं. वारा नव्हता."

त्यांनी मान हलवली. "म्हणजे या खेपेला दोष माझ्या कानांचा नाही," इतकंच म्हणाल्या.

नवरा म्हणतो माणूस काहीतरी शोधून काढेल, आतापर्यंत काढत आलाच आहे. असेल. मला फुलांवरून हात फिरवणाऱ्या चौघी दिसतात आणि पोचट निघालेली निम्मी फुलं. लेक आता अकराची आहे. ती किती वर्षं उरली हे विचारत नाही. मध्येच कधीतरी, दात घासता घासता वगैरे, "मी तुझ्याएवढी होईन तेव्हा" असं एखादं वाक्य सुरू करते आणि अर्ध्यात सोडून देते. मी ते पूर्ण करायला सांगत नाही.

या मे महिन्यात आम्ही मोजणीच्या रस्त्यावर गेलो तर पायवाटेच्या तोंडाशी राहणारे एक म्हातारे गृहस्थ बसून चालवायच्या मशीनने कडेचं गवत कापत होते. क्लोव्हरची पांढरी फुलं, पिवळी रानफुलं, सगळं सपाट होत चाललं होतं. मी पुढे व्हायच्या आत लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी मशीन बंद केली.

"इथे राण्या येतात," ती म्हणाली. "आत्ताच उठल्यात त्या. हे कापलं तर त्यांना खायला काही राहत नाही."

"गचाळ दिसतं गं ते, बाळ," ते म्हणाले. "रस्त्यावरून जाणारे काय म्हणतील?"

"रस्त्यावरून आम्हीच जातो."

ते हसले. थोडा विचार केला आणि बांधालगतचा एक पट्टा सोडून देतो म्हणाले. खरंच सोडला. जेमतेम बावीस पावलांचा. त्या दिवशी त्यावर तीन मिळाल्या, तिन्ही साध्या जातीच्या.

जूनमध्ये गेलो तेव्हा तो पट्टाही कापलेला होता, अगदी स्वच्छ, कडा दोरीने आखल्यासारख्या. त्यांच्या दारात गाडी नव्हती. लेक क्षणभर थांबली. तिने वही उघडली, वेळ आणि हवा लिहिली, आणि खाली पाहत चालायला लागली.